घटस्फोट नंतर, आधी जीव: छळाच्या संसारातून बाहेर पडताना कायदा नेमका काय देतो

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचं कामकाज सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांची जी कामं मुंबईला जायची, ती आता भाऊसिंगजी रोडवरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत चालतात. तेव्हापासून ‘कोर्ट दारात आलं’ हे वाक्य इथं सारखं कानावर पडतं, आणि ते खरंही आहे. पण नवऱ्याचा मार खाऊन माहेरी आलेल्या बाईला सगळ्यांत आधी ज्या कोर्टाची गरज पडते, ते मुंबईत कधी नव्हतंच. ते गडहिंग्लजला होतं, इचलकरंजीला होतं, जयसिंगपूरला होतं. २००६ पासून ते तिच्यासाठी उघडं आहे. तिथं नेमकं काय मागता येतं, हे मात्र फार थोड्या घरांत ठाऊक असतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, देशातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांपैकी साधारण २९ टक्के जणींनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. याच पाहणीत हिंसा सोसलेल्या बायकांपैकी मदत मागणाऱ्या जेमतेम १४ टक्के निघाल्या. बहुतेकींनी कधी कुणाजवळ तोंडही उघडलं नव्हतं. गप्प राहण्याची कारणं पुष्कळ आहेत आणि ती सगळी एका लेखाने दूर होणारी नाहीत. एक मात्र दूर होऊ शकतं. बाहेर पडायचं म्हणजे घटस्फोट घ्यायचा, आणि घटस्फोटाची तयारी नसेल तर सोसत राहायचं, हा समज.

## दोन वेगळ्या गोष्टी, दोन वेगळी कोर्टं

वकिलासमोर बसलेल्या बाईचा किंवा तिच्या भावाचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो: घटस्फोट किती दिवसांत मिळेल? उत्तर ऐकून निम्मी माणसं तिथूनच परत फिरतात. वर्षं जाणार, खर्च होणार, गावभर बोभाटा होणार. शिवाय बऱ्याच बायकांना घटस्फोट नकोच असतो. त्यांना मार थांबायला हवा असतो.

घटस्फोट म्हणजे लग्नाचं नातं कायद्याने संपवणं. हिंदू विवाह कायद्यात त्यासाठी क्रूरता हे कारण आहे, आणि त्याचा दावा कौटुंबिक न्यायालयात किंवा दिवाणी न्यायालयात चालतो. मार थांबवणं, डोक्यावर छप्पर मिळवून देणं, घरखर्चाची सोय लावणं हे काम दुसऱ्याच कायद्याचं आहे. त्याचं नाव कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्यात अर्ज करायला घटस्फोट मागावा लागत नाही. लग्न टिकवायचं असेल तरी चालतं, मोडायचं असेल तरी चालतं, अजून काहीच ठरलं नसेल तरी चालतं. बाई कुठल्याही धर्माची असो, हा कायदा तिच्यासाठी आहे.

कोल्हापूरकरांना पंचगंगेची भाषा चटकन कळते. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. प्रयाग चिखली, आंबेवाडीची माणसं पाणी उंबऱ्याला लागायची वाट बघत नाहीत. इशारा पातळी आली की जनावरं सोडतात, कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत बांधतात आणि सोनतळीकडं निघतात. घर पुन्हा बांधायचं की जागाच बदलायची, हा विचार पूर ओसरल्यावर होतो. २००५ चा कायदा आणि घटस्फोट यांच्यात नेमका हाच क्रम आहे. घटस्फोटाचा निर्णय पाणी उतरल्यावर, शांत डोक्याने घ्यायचा.

## फक्त मारहाण म्हणजे छळ का?

नाही, आणि या कायद्याची खरी ताकद इथंच आहे. कलम ३ मध्ये चार प्रकारचा हिंसाचार सांगितला आहे: शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक, आणि आर्थिक. पगाराचं एटीएम कार्ड काढून घेणं, घरखर्चाला पैसे न देणं, तिचे दागिने तिला न विचारता गहाण टाकणं, नोकरी करू न देणं, मूल होत नाही म्हणून किंवा मुलगीच झाली म्हणून रोज टोमणे मारणं, माहेरच्यांना जिवे मारू अशी धमकी देणं, हे सगळं यात बसतं.

‘हात तर कधी उगारला नाही’ हे वाक्य ऐकलं की माझा जीव तुटतो, कारण ते बहुतेक वेळा ती बाईच म्हणते. वर्षानुवर्षं हातात दहा रुपये नसलेली, फोनवर आईशी बोलताना स्पीकर लावायची सक्ती असलेली बाईसुद्धा आपल्यावर ‘तसं काही’ होत नाही असं मानते. कायदा तसं मानत नाही.

या शहराला तर हा विचार नवाही नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ साली आपल्या संस्थानात स्त्रियांना क्रूरपणे वागवण्याला प्रतिबंध करणारा कायदा केला होता, आणि त्याच वर्षी काडीमोडीचाही. देशाच्या फौजदारी कायद्यात सासरच्या छळाचं ४९८-अ हे कलम यायला त्यानंतर १९८३ साल उजाडावं लागलं.

## अर्ज कुठं आणि कुणाकडं करायचा?

समजा, माहेर कागल तालुक्यात आणि लेक पुण्याला दिलेली. ती पोरांना घेऊन माहेरी आली. आता दर तारखेला पुण्याला जायचं का? गरज नाही. कलम २७ सांगतं की ती कायमची किंवा तात्पुरती जिथं राहते, तिथल्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज चालतो. माहेर ही तात्पुरती राहण्याची जागा धरली जाते. म्हणजे तारखेला यायचं आहे ते पुण्याच्या नवऱ्याने.

अर्ज ती स्वतः करू शकते, वकिलामार्फत करू शकते किंवा संरक्षण अधिकाऱ्याकडे जाऊ शकते. संरक्षण अधिकारी म्हणजे याच कायद्यासाठी सरकारने नेमलेला माणूस. बाईचं म्हणणं ऐकून तो ‘कौटुंबिक घटना अहवाल’ तयार करतो आणि कोर्टाला देतो. वकील मिळवून देणं, दवाखान्यात नेणं, निवाऱ्याची सोय बघणं ही कामंही त्याचीच. जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात विचारलं की आपल्या भागाचा अधिकारी कोण ते कळतं. हे अधिकारी पुरेसे नाहीत, एकेकावर कामाचा ढीग असतो, ही तक्रार खरी आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना जिल्हा आणि तालुका पातळीवर हे अधिकारी नेमायला बजावलं ते त्यामुळंच. अहवाल मिळत नाही म्हणून अडून बसायचं मात्र कारण नाही. त्याच्याशिवायही न्यायदंडाधिकारी आदेश देऊ शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे.

वकिलाच्या फीचं काय? विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे कुठल्याही बाईला वकील फुकट मिळतो, आणि तिला उत्पन्नाची अट नाही. तलाठ्याचा दाखला लागत नाही. कसबा बावड्याच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज द्यायचा. तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते. फोन करायचा असेल तर १५१००.

## न्यायाधीश काय काय देऊ शकतात?

एकाच अर्जात पुष्कळ काही मागता येतं, आणि इथं जरा थांबून वाचावं, कारण बहुतेक जणी यातलं एखाद-दुसरंच मागतात.

पहिला संरक्षण आदेश: तिला मारायचं नाही, धमकवायचं नाही, ती काम करते तिथं किंवा मुलांच्या शाळेत जायचं नाही, फोन करून छळायचं नाही, दोघांच्या नावचं खातं किंवा लॉकर परस्पर हलवायचं नाही. हा आदेश मोडला तर तो गुन्हा ठरतो. एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

दुसरा निवासाचा आदेश. तिला घरातून काढायचं नाही, घर विकायचं नाही, वेळ पडली तर नवऱ्यानेच घराबाहेर राहायचं, किंवा तिला तशाच दर्जाची दुसरी जागा भाड्याने घेऊन द्यायची. सामान आणायला तिच्यासोबत पोलीस द्यायचा आदेशही होतो. तिचं स्त्रीधन परत करायचा आदेशही इथंच मिळतो. मग पैसे: घरखर्च, औषधपाणी, बुडालेली कमाई, मुलांचा खर्च. मुलांचा तात्पुरता ताबा. आणि झालेल्या मानसिक त्रासाची वेगळी भरपाई.

अर्ज आल्यापासून पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांत ठेवावी आणि पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत निकाल द्यायचा प्रयत्न करावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात, ६० दिवस बघता बघता उलटतात. म्हणून मूळ अर्जासोबतच अंतरिम आदेशाचा, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या आदेशाचा, अर्ज जोडायचा असतो. धोका तातडीचा असेल तर समोरच्याला ऐकून न घेताही न्यायदंडाधिकारी आदेश देऊ शकतात. वकिलाला हे आपणहून विचारावं: ‘अंतरिम अर्ज घातलाय ना?’

## ‘घर सोडलं की हक्क गेला’

हे वाक्य सासरची माणसं सांगतात आणि माहेरची माणसंही खरं मानतात. ‘पाय बाहेर टाकलास तर परत दार नाही.’ कायद्यात याला आधार नाही. ज्या घरात ती नवऱ्याबरोबर संसार करून राहिली, ते कायद्याच्या भाषेत ‘सामायिक घर’. त्यात राहायचा तिला हक्क आहे, घर तिच्या नावावर असो वा नसो. पूर्वी घर सासऱ्याच्या किंवा सासूच्या नावावर असलं की तिचा अर्ज टिकत नसे. १५ ऑक्टोबर २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते बदललं: सासू-सासऱ्यांच्या मालकीचं घरही सामायिक घर असू शकतं. हा मालकी हक्क नव्हे, एवढं लक्षात ठेवायचं. घर तिच्या नावावर होत नाही, आणि म्हाताऱ्या सासू-सासऱ्यांची बाजूही कोर्ट ऐकतं. पण जीव वाचवायला ती बाहेर पडली म्हणून तिचा राहायचा हक्क बुडत नाही.

## ‘पुरावा कुठाय?’

चार भिंतींत घडलेल्या गोष्टीला साक्षीदार कुठून आणायचा? बायकांचा धीर इथंच खचतो. पण घरातल्या छळाला रस्त्यावरच्या मारामारीसारखा पुरावा नसतो, हे न्यायाधीशांनाही ठाऊक असतं. तिचं स्वतःचं शपथेवरचं म्हणणं हाही पुरावाच. त्याला जोड देणाऱ्या लहान लहान गोष्टी मात्र आपण वाया घालवतो.

दवाखान्याचं घ्या. कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय असो की गावचं ग्रामीण रुग्णालय, डॉक्टर विचारतात काय झालं, आणि सोबत नवरा किंवा सासू उभी असते म्हणून बाई म्हणते, ‘न्हाणीत पाय घसरला.’ केसपेपरवर तेच उतरतं आणि दोन वर्षांनी कोर्टात तेच वाचून दाखवलं जातं. डॉक्टरांना एकटीने भेटायचं आहे असं सांगता येतं. खरं कारण सांगितलं की तशी नोंद होते, आणि तो कागद कुठल्याही शेजाऱ्याच्या साक्षीपेक्षा भारी पडतो.

पोलिसांकडे गेल्यावर पुष्कळदा नुसती एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, हातावर ठेवतात. तेवढ्याने अटक-बिटक होत नाही, पण तारीख आणि म्हणणं कागदावर येतं. तिची प्रत मागून घ्यावी. छळ गंभीर असेल तर गुन्हाच नोंदवायचा आग्रह धरावा. १ जुलै २०२४ पासून ४९८-अ ची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ आणि ८६ ने घेतली आहे. हा गुन्हा माहेरच्या पोलीस ठाण्यातही नोंदवता येतो, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल आहे. ‘सासर ज्या हद्दीत तिकडं जा’ हे उत्तर ऐकून परत यायचं नाही.

मेसेज, फोटो, आवाजाचं रेकॉर्डिंग जपून ठेवावं, आणि ज्या फोनवर ते आलं तो फोनही. नवरा-बायकोमधलं गुपचूप केलेलं रेकॉर्डिंग वैवाहिक दाव्यात पुरावा म्हणून घेता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितलं.

दागिन्यांसाठी गुजरीतल्या सराफाच्या पावत्या शोधाव्यात. पावती नसेल तर लग्नातला फोटो, ज्यात गळ्यातला साज, ठुशी, हातातल्या पाटल्या स्पष्ट दिसतात. आईवडिलांनी, सासरच्यांनी, पाहुण्यांनी तिला दिलेलं सोनं हे तिचं स्त्रीधन. सासूच्या कपाटात ठेवलं म्हणून ते सासूचं होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच सांगून ठेवलं आहे.

## ‘नांदायला ये’ अशी नोटीस आली तर?

अर्ज घातला की पंधरा दिवसांत ही नोटीस येते असंच समजा. ‘मी तुला नांदवायला तयार आहे, तूच विनाकारण माहेरी जाऊन बसलीस.’ घाबरून कितीतरी जणी तिथंच माघार घेतात. हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ खाली नवरा असा दावा करू शकतो हे खरं. पण छळ हे वेगळं राहायला पुरेसं कारण आहे, आणि ते त्याच दाव्यात मांडता येतं. समजा तो दावा जिंकला, तरीही पोलीस येऊन तिला उचलून सासरी सोडत नाहीत. असा हुकूमनामा फार तर मालमत्तेवर जप्ती आणून बजावता येतो. तिची पोटगीही आपोआप बंद होत नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसं सांगितलं आहे: ती का गेली नाही याचं कारण बघावं लागेल.

रखमाबाईंना १८८७ मध्ये मुंबईच्या कोर्टाने याच प्रकारच्या दाव्यात सांगितलं होतं, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्या म्हणाल्या, तुरुंग चालेल. पुढं त्या डॉक्टर झाल्या. त्या तुरुंगाची भीती आज कुणाला घालता येत नाही.

## ‘बायका खोट्या केसेस करतात’

हा आक्षेप आता प्रत्येक गप्पांत येतो, आणि तो उडवून लावू नये. ४९८-अ मध्ये नवऱ्याबरोबर दूरच्या नणंदा, म्हातारी आजेसासू यांचीही नावं सरसकट गोवली जातात, याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा नाराजी दाखवली आहे. २०१४ पासून तर अशा गुन्ह्यात पोलिसांना ऊठसूट अटक करता येत नाही; आधी कारण लिहावं लागतं, नोटीस द्यावी लागते.

पण माझ्या मते याच आक्षेपामुळे २००५ चा कायदा जास्त महत्त्वाचा ठरतो. तो मुळात दिवाणी स्वरूपाचा आहे. अर्ज घातला म्हणून कुणी तुरुंगात जात नाही. कोर्ट म्हणतं, मारू नकोस, घरखर्च दे. निरपराध माणसाला हा आदेश पाळण्यात काय अडचण आहे? कैद येते ती आदेश मोडल्यावर. आणि हिंसा सोसलेल्या शंभरातल्या ८६ जणी कुठंच मदत मागत नाहीत, त्या देशात प्रत्येक तक्रारीकडे आधी संशयाने बघणं हा फार मोठा अन्याय आहे.

## निघण्याचा दिवस

हे मी सावकाश लिहिते, कारण चूक इथं जिवावर बेतते. बाई आपल्या हातातून निसटते आहे असं छळ करणाऱ्याला दिसतं, तो काळ सगळ्यांत धोक्याचा असतो. म्हणून ‘बघ, आता मी निघूनच जाते, केसच करते’ असं भांडणात बोलून दाखवू नये. जायचं ठरलं असेल तर ते एका विश्वासाच्या माणसालाच ठाऊक असावं.

फोन आधी तपासावा. व्हॉट्सअॅपच्या सेटिंगमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ बघितलं की आपले मेसेज आणखी कुठं उघडलेले आहेत ते दिसतं. गुगल मॅपचं लोकेशन त्याला जात असेल तर फोन बरोबर असताना कुठंच लपता येत नाही. पण हे आठ दिवस आधी अचानक बंद केलं तर त्याला संशय येतो. निघताना बंद करावं. नवा पासवर्ड त्याला न सुचणारा हवा, पोराचं नाव किंवा जन्मतारीख नको.

कागदपत्रं एकदम नेता येत नसतील तर फोटो काढून विश्वासू माणसाकडे पाठवून आपल्या फोनमधून पुसावेत. आधार, पॅन, पासबुक, मुलांचे जन्मदाखले, लग्नाचं प्रमाणपत्र, ते नसेल तर लग्नपत्रिका आणि फोटो. नवऱ्याचं पगारपत्रक, सातबारा किंवा दूध संघाच्या बिलाची एखादी प्रत हाताला लागली तर फारच बरं, कारण पोटगीच्या वेळी ‘मला काही उत्पन्नच नाही’ हेच ऐकायला मिळतं.

मार चालू असेल तर ११२. सल्ला आणि निवारा हवा असेल तर १८१ ही महिलांची हेल्पलाइन. ज्यांना माहेर नाही किंवा माहेरी जाणं सुरक्षित नाही, त्यांच्यासाठी ‘सखी वन स्टॉप सेंटर’ ही सरकारी सोय आहे. एकाच ठिकाणी समुपदेशन, दवाखाना, पोलीस, वकील यांच्याशी गाठ घालून देतात आणि पाच दिवसांपर्यंत राहता येतं. त्याहून जास्त दिवसांसाठी ‘शक्ती सदन’, आणि नोकरी करणाऱ्यांसाठी ‘सखी निवास’. एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. हातात शंभर-दोनशे रुपये असलेल्या बाईला हेही सांगावंसं वाटतं.

## पोरांचं काय?

मुलांना सोडून यायची वेळ आली तर मन मोडतं, आणि सासरच्यांना ते पक्कं ठाऊक असतं. शक्य तिथं मुलं बरोबरच आणावीत. पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा साधारणपणे आईकडेच असावा, असं हिंदू अज्ञान व पालकत्व कायदा १९५६ सांगतो. मोठ्या मुलांच्या बाबतीत मुलाचं हित बघितलं जातं. मुलं सासरी अडकली असतील तर २००५ च्या कायद्याखाली तात्पुरता ताबा लगेच मागता येतो.

शाळेचं अडेल ही भीती असते, कारण जुन्या शाळेतून दाखला आणायला गेलं की पत्ता फुटतो. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे आठवीपर्यंत दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, लांबवताही येत नाही. मुख्याध्यापकांना खरी परिस्थिती सांगावी, आणि मुलाला शाळेतून कुणाच्या हाती सोडायचं ते लेखी द्यावं.

## पैसा

पोटगीसाठी आणखी एक सोपी वाट म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४, जे पूर्वी १२५ म्हणून ओळखलं जायचं. दोन्हीकडे अर्ज करता येतो. एकीकडे मिळालेली रक्कम दुसरीकडे वजा धरतात एवढंच. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालापासून दोघांनाही आपलं उत्पन्न आणि मालमत्ता शपथपत्रावर द्यावी लागते, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून लागू होते. म्हणून ‘बघू, जरा थांबू, बैठक घालू’ म्हणत घालवलेला प्रत्येक महिना हा बुडालेला महिना असतो. बैठक जरूर घालावी, पण अर्ज घालून.

बँकेचं खातं नवीन काढावं, शक्यतो वेगळ्या बँकेत, आणि आधारला जोडलेला मोबाइल नंबर आपला करून घ्यावा. सरकारी योजनांचे पैसे आधार जोडलेल्या खात्यात जातात. ते खातं आणि तो नंबर नवऱ्याच्या ताब्यात असेल तर लाडकी बहीणचे १,५०० त्याच्याच खिशात जात राहतात. घटस्फोट होऊनही पोटगी न मिळणाऱ्या, किंवा घटस्फोटाची प्रक्रिया चालू असलेल्या निराधार बायकांना संजय गांधी निराधार योजनेत तहसील कार्यालयात अर्ज करता येतो. नोकरी असेल तर प्रॉव्हिडंट फंडावरचं वारसाचं नाव तपासावं. तिथं बहुतेकींच्या अजून नवऱ्याचंच नाव असतं.

कामाचं म्हणाल तर या जिल्ह्यात बाईच्या हाताला काम मिळतं: शिरोली आणि गोकुळ शिरगावचे कारखाने, इचलकरंजीची कापडाची कामं, हुपरीची चांदी, घरी चार म्हशी असतील तर दूध. पगार थोडा असतो हे खरं. पण ‘तू कमावतेस, मग पोटगी कशाला’ हा युक्तिवाद ऐकून काम सोडू नये, आणि लपवूही नये. कमावती म्हणून पोटगीचा हक्क आपोआप जात नाही. तिच्या कमाईत सासरच्यासारखं राहणीमान भागतं का, हे कोर्ट बघतं.

## माहेर

सगळा कायदा वाचून झाला तरी पहिली रात्र ती कुठं काढणार, हा प्रश्न उरतोच, आणि बहुतेकींसाठी त्याचं उत्तर माहेर हेच असतं. ‘दिल्या घरी सुखी राहा’ म्हणून पाठवलेली लेक पिशवी घेऊन दारात उभी राहिली की आईच्या तोंडून आधी ‘काय झालं?’ येतं आणि लगेच ‘किती दिवस राहणार?’ दुसरा प्रश्न महिनाभर तरी विचारू नये. ती दोन-तीनदा परतही जाईल. मुलांसाठी, त्याने पाया पडून माफी मागितली म्हणून, किंवा वहिनीच्या चेहऱ्याकडे बघून. त्यावेळी ‘आता आमच्याकडं येऊ नकोस’ एवढं एक वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका. परत गेली तरी तिचा हक्क संपत नाही. पुन्हा छळ झाला की पुन्हा अर्ज करता येतो.

वहिनीची अडचणही खरी असते. दोन खोल्यांच्या घरात तीन माणसं वाढतात, आणि ती कुणाच्या जिवावर, हा प्रश्न भाकरी थापताना मनात येणारच. इथं एक गोष्ट उघड बोलली पाहिजे. माहेरी आलेली लेक ही आश्रित नसते. ९ सप्टेंबर २००५ पासून, म्हणजे हिंसाचाराच्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली त्याच महिन्यात, हिंदू वारसा कायद्यात बदल होऊन वडिलोपार्जित मालमत्तेत लेकीला लेकाइतकाच हिस्सा मिळाला, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा हक्क जन्मापासून आहे, बदलाच्या दिवशी वडील हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही. तरीही आपल्याकडे वडील गेले की वर्षश्राद्धाच्या आसपास बहिणींना तहसीलला नेऊन हक्कसोडपत्रावर सह्या घेतात. साडी-चोळी देतात, आणि बहीण सही करते, कारण भाऊ तुटायला नको.

ज्या बहिणीचा संसार धड नाही, तिच्याकडून तरी ही सही मागू नका. आणि तिने सही करण्यापूर्वी तो कागद विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाला एकदा दाखवावा. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र नंतर रद्द करून घेणं फार अवघड जातं.